गाडी शिकावी कुठे : शहरात की उपनगरात?

प्रश्न : आमच्या मुलीला नुकताच शिकाऊ परवाना मिळाला आहे. आम्ही उपनगरात राहतो. रस्ते रुंद आहेत आणि रहदारी बेताची. शहरात गाडी शिकलेला तिचा मामेभाऊ म्हणतो, की मोकळ्या रस्त्यावर शिकलेल्याला गाडी येतच नाही. तिला शिकायला शहरात पाठवावे का?

उत्तर : पाठवावे, पण इतक्यात नको. क्लच सोडताना गाडी बंद पडणे, गिअर बदलताना नजर खाली जाणे, हे प्रकार थांबेपर्यंत तिला भोंग्यांच्या गर्दीत नेऊन काहीही साधणार नाही. उलट ती धास्तावेल. हात बसेपर्यंत आपले उपनगरच बरे.

मात्र हात बसला म्हणजे गाडी आली, असे नव्हे. नवशिक्याची नजर बहुधा बॉनेटच्या पुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली असते आणि आरशांकडे क्वचितच वळते. ही सवय शहरात लवकर मोडते. कडेला उभ्या असलेल्या गाडीत चालकाच्या जागी कोणी बसलेले दिसले, तर तिचे दार अचानक उघडू शकते; पुढची चाके वळलेली असली, तर ती गाडी वाटेत येऊ शकते; आणि उभ्या ट्रकखालून पावले दिसली, तर पुढच्या क्षणी माणूस समोर येऊ शकतो. शेजारी बसणाऱ्याने तिला जे दिसेल ते मोठ्याने बोलायला सांगावे, म्हणजे तिच्या नजरेतून काय निसटते ते लगेच कळते. (सूचनांचा भडिमार करणाऱ्या पालकांनाही त्यामुळे थोडा वेळ गप्प बसावे लागते, हा वेगळा फायदा.)

मामेभावाच्या म्हणण्यात वेगाचा विचार दिसत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर पुढे जाते, तर ताशी ६० किलोमीटरला जवळजवळ १७ मीटर. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौपट होते. त्यामुळे गर्दीतली चूक पुष्कळदा पत्र्यावर निभावते, तर मोकळ्या रस्त्यावरची तशीच चूक जिवावर बेतू शकते. जो मुलगा गर्दीत तिसऱ्या गिअरच्या पुढे फारसा गेलेला नाही, त्यालाही अंधारातले वळण आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नव्यानेच शिकावा लागतो. आपल्या मुलीला रात्रीचा आणि पावसातला सराव आपण शेजारी बसूनच द्यावा.

परवाना मिळाल्यावर एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे असतात, आणि गाडीत समवयस्क मित्रमैत्रिणी असल्या की ही जोखीम वाढते. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली आणि नवशिक्यांच्या रात्रीच्या प्रवासावर व सोबतच्या प्रवाशांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे असा कायदा असो वा नसो, पहिले सहा महिने हा नियम घरातच लागू करावा आणि तो परवाना हातात पडण्याआधीच तिच्याशी बोलून ठरवावा.