हिंदू धर्म इंग्रजांनी तयार केला का?

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो की हिंदू धर्म असं काही नव्हतंच, ते इंग्रजांनी तयार केलं. मला हे पटत नाही. खरं काय आहे?

उत्तर: मुलाचं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नका पण उडवूनही लावू नका. नाव इंग्रजांच्या खूप आधीचं आहे. चौदाव्या शतकात विजयनगरचे राजे ‘हिंदुरायसुरत्राण’ (हिंदू राजांमधला सुलतान) असं बिरुद लावायचे, आणि सोळाव्या शतकात आपल्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला (तुर्क म्हणजे मुसलमान), त्यात दोघं देवधर्मावरून चांगले हमरीतुमरीवर येतात, म्हणजे आपण वेगळे आहोत ही जाणीव होतीच की. फक्त या नावाची हद्द कुणी आखून दिलेली नव्हती. माणूस आधी जात सांगायचा, गाव सांगायचा, नाहीतर वारकरी, महानुभाव, लिंगायत असं काहीतरी.

हद्द आखायचं काम इंग्रजांच्या कोर्टाने आणि खानेसुमारीने, म्हणजे जनगणनेने केलं. १७७२ मध्ये बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की वारसा, लग्न, जात या बाबतीत मुसलमानांना कुराण लावायचं आणि हिंदूंना शास्त्र. मग ११ पंडित बसवून संस्कृतात संकलन करून घेतलं, त्याचं फारसी झालं, फारसीवरून हॅल्हेड नावाच्या कंपनीच्या नोकराने इंग्रजी केलं आणि ते १७७६ मध्ये छापलं. मला यात मोठी गोष्ट ही वाटते की गावोगावच्या, जातीजातींच्या रूढी वेगळ्या असताना पोथीतलं शास्त्र हाच सगळ्यांचा कायदा असं सरकारनेच गृहीत धरलं.

पुढे खानेसुमारीत प्रत्येकाला धर्माच्या एकाच रकान्यात बसवायचं होतं आणि तिथे सगळा घोळ झाला. १९११ च्या खानेसुमारीआधी खानेसुमारीचा कमिशनर गेट याने अधिकाऱ्यांना कसोट्याच पाठवल्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, गुरूकडून मंत्र घेतात का, देवळात आत जाऊ देतात का, प्रेत पुरतात का, गोमांस खातात का वगैरे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून उत्तर आलं की हिंदू म्हणून नोंदवलेल्यांपैकी चौथाई लोक ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेद मानत नाहीत, निम्म्याहून जास्त लोकांनी मंत्र घेतलेला नाही, आणि तिसरा हिस्सा लोकांना देवळात प्रवेशच नाही! म्हणजे मोजताना हिंदू आणि देवळाच्या दारात परके. डॉ. आंबेडकरांनी या कसोट्या अस्पृश्यतेवरच्या आपल्या पुस्तकात मुद्दाम मांडल्यात, मुलाला ते वाचायला द्या.

प्रश्न: मग आज कायद्याने हिंदू कोण?

उत्तर: १९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहे, शिवाय जो मुसलमान, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही त्यालाही सर्वसाधारणपणे तोच लागतो. म्हणजे श्रद्धा काय हे न विचारता, बाकीचे वगळून जो उरला तो यात. आणि स्वामीनारायण पंथाच्या सत्संगींनी आम्ही हिंदूच नाही, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही असा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, तेव्हा १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला, म्हणजे वेदांचं प्रामाण्य, मोक्षाची साधनं अनेक आणि कुठला देव पुजायचा याचा नियम नाही. दावा फेटाळला गेला आणि दलितांच्या मंदिरप्रवेशाची कायदेशीर अडचण दूर झाली.