दारू सुटली, वजन वाढलं: आता ऑपरेशन करावं का?

प्रश्न: दारू सोडून मला चौदा महिने झाले. सोडल्यावर गोड खाणं वाढलं, वजन ११८ किलोवर गेलं आणि मधुमेहही निघाला. डॉक्टर बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन, सुचवतात. पण दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधले काहीजण म्हणतात, ऑपरेशननंतर माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. हे खरं का? आणि जुनं व्यसन सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील का?

उत्तर: भीतीत तथ्य आहे, पण त्याचं जे कारण सांगितलं जातं ते अपुरं आहे. ‘खाण्याचं व्यसन सुटलं की दुसरं जडतं’ हे ऐकायला पटतं. खरी मेख मात्र पोटातच आहे. एरवी दारू जठरात थोडी रेंगाळते आणि तिचा काही भाग तिथेच मोडतो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा उरतो आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे दारू काही मिनिटांत लहान आतड्यात उतरते. रक्तातली पातळी झटकन चढते आणि पूर्वीच्या जवळपास दुप्पट उंच जाते. नशा जितकी लवकर मेंदूला भिडते, तितकी तलफ पक्की होते. स्लीव्हमध्येही, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीएवढं ठेवण्याच्या शस्त्रक्रियेतही, हा धोका आहे. जठराभोवती पट्टा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत तो वाढलेला दिसत नाही. तुमच्यासाठी कोणती पद्धत, हे ठरवताना सर्जनशी हा मुद्दा स्वतःहून काढा.

अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या रुग्णांची एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूचा विकार असलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी ७.३ आणि दुसऱ्या वर्षी ९.६. म्हणजे पुन्हा दारूकडे घसरणं पहिल्या वर्षात दिसतच नाही! तेव्हा वजन भराभर उतरत असतं, तपासण्या चालू असतात, चारजण कौतुक करतात. मग काटा थांबतो, डॉक्टरांच्या भेटी विरळ होतात, बाहेर जाणं वाढतं आणि ‘आता एखादा घेतला तर काय होतंय’ हा विचार डोकं वर काढतो. म्हणून तयारी दुसऱ्या वर्षाची करा. समुपदेशकाच्या किमान २४ महिन्यांच्या तारखा ऑपरेशनआधीच घेऊन ठेवा, मीटिंग सोडू नका. रक्ताची ‘पेथ’ नावाची तपासणी मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दाखवते. ती ठरावीक काळाने करायला स्वतःहून होकार द्या. इतर रुग्णांना काही ठिकाणी ‘सहा महिने ते वर्षभर दारू टाळा’ एवढंच सांगतात. ती सवलत तुमच्यासाठी नाही, तुमचा आकडा कायम शून्य.

जुनं व्यसन हे सहसा नकाराचं कारण नसतं. चालू व्यसन असतं. अनेक केंद्रं सहा महिने ते वर्षभराची सोब्रायटी, म्हणजे नशेविना काढलेला काळ, मागतात, ती तुमची झालीच आहे. लपवाल तर अडचण भूलतज्ज्ञाची होईल. दारू सुटावी म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम चालू असेल तर ऑपरेशनच्या बऱ्याच आधी सांगावं लागतं. तलफ कमी करणारं नॅल्ट्रेक्सोन अफूजन्य वेदनाशामकांना अडवतं, त्यामुळे त्याच्या गोळ्या साधारण ७२ तास आणि महिन्याचं इंजेक्शन सुमारे चार आठवडे आधी थांबवतात. हे डॉक्टरांनी ठरवायचं, परस्पर बंद करायचं नाही. आणि हो, वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा पर्यायही त्याच बैठकीत विचारून घ्या.

प्रश्न: माझे मिस्टर ब्राउन शुगरमधून बाहेर आले आहेत, व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे. बायपासनंतर ती गोळी लागू पडेल का? आणि दुखलं तर काय द्यायचं?

उत्तर: गोळी जिभेखालीच शोषली जाते, त्यामुळे बायपासने फरक पडत नाही, फक्त ती गिळायची नाही. आता बहुतेक ठिकाणी ती ऑपरेशनच्या काळातही चालू ठेवतात. बंद केली तर वेदना आणि तलफ एकदम अंगावर येतात. याच व्यसनावरचं मेथाडोन मात्र गिळायचं औषध आहे, त्याचं शोषण बदलू शकतं. ते घेणाऱ्याला जास्त गुंगी येते का किंवा टर्की, म्हणजे औषध कमी पडल्याचा त्रास, सुरू होते का, यावर लक्ष हवं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि जागेपुरतं बधिर करणारं इंजेक्शन यावर भर द्यायला सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक बायपासनंतर नको, जोडाच्या जागी अल्सर होतो. सिगारेटनेही तेच होतं, ती निदान सहा आठवडे आधी सुटायला हवी. कडक वेदनाशामक लागलंच तर मोजक्या दिवसांचं घ्या आणि पाकीट तुमच्याकडे ठेवा.

उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरी वाट पाहू नका. थायमिन, म्हणजे बी-१, वेगाने घटतं आणि पूर्वी दारूही घेतलेली असेल तर साठा आधीच कमी असतो. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही धोक्याची खूण. दवाखान्यात पोचल्या पोचल्या बायपास झाल्याचं सांगा आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला सांगा.