लोडरची बकेट: नवी घ्यायची की जुनीला पट्टी बसवायची?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. करवीर तालुक्यात चार एकर ऊस, ट्रॅक्टरला पुढे लोडर, आणि तो वर्षाला साधारण ५०० तास भाड्याने चालतो, तासाला ८०० रुपये. शेणखत, कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ), मुरूम, पूर ओसरल्यावरचा गाळ, येईल ते काम. आता बकेटची कड झिजली आहे. ड्रायव्हर म्हणतो नवीच घ्या. विक्रेता ५८,००० रुपयांची बकेट १२ टक्के फ्लॅट व्याजाने २४ हप्त्यांत द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, गावातल्या वेल्डरकडून चार रॉड मारून घे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरने कडक प्लेटची पट्टी बोल्टने बसवून, खालच्या बाजूला घासपट्ट्या लावून १४,००० सांगितले आहेत. बचत खात्यात ४०,००० आहेत, पतसंस्थेत सव्वा लाखाची ठेव आहे.

मूळ पत्रा शाबूत असेल तर पट्टीच बसवा. हप्त्यावर बकेट घेऊ नका.

पत्रा शाबूत आहे की नाही हे मात्र अंदाजाने ठरवू नका. बकेट धुऊन, खाली ठोकळे देऊन, ट्रॅक्टर बंद करून बघा. दोन्ही कोपरे आधी झिजतात, मधली कड नंतर. कोपरा गोल झाला असला तरी बाजूच्या पत्र्याचा जोड धरून असेल तर काम होतं. तळाचा पत्रा हातोडीने ठोकत जा. आवाज बदलेल तिथे तो पातळ झाला आहे किंवा आतून गंजला आहे. मग मागे, लोडरचे हात जिथे जोडले आहेत तिथली भोकं बघा. ती लांबट झाली असतील, तर नुसत्या नव्या पिनने भागत नाही, बोअरिंग करून बुश (भोकात बसणारी, झिजली की बदलायची नळी) बसवावा लागतो. हे सगळं धरून फॅब्रिकेटरकडून एकत्र कोटेशन घ्या. ते २९,००० च्या पुढे, म्हणजे नव्या बकेटच्या निम्म्यावर गेलं, तर मी माझं मत बदलेन.

आता विक्रेत्याचं गणित. १२ टक्के फ्लॅट म्हणजे दोन वर्षांचं व्याज १३,९२०, एकूण ७१,९२०, हप्ता जवळपास ३,०००. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५८,००० वर लागतं. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय हप्ता बाराही महिने, तुमची कमाई मात्र हंगामी. पावसाळ्यात लोडर उभा असतो. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा नियम आहे, पण त्या तारखेवर हप्ता बांधू नये असंच मी सगळ्या ऊस उत्पादकांना सांगतो.

आणि नवी बकेट आणली तरी तिची कड त्याच मुरमात घासणार आहे. तिलाही पट्टी लागणारच. पट्टी झिजण्यासाठीच असते, बकेट ही भांडवली वस्तू आहे. पट्टीचे १४,००० वाचवायला जाऊन ५८,००० चा पत्रा झिजवणं हा तोट्याचा सौदा.

वडिलांच्या सांगण्यात तथ्य आहे, पण अर्धं. साध्या रॉडचा थर मऊ, तो लवकर जातो. आणि पातळ झालेल्या कडेला वारंवार ताप दिला की ती वाकते, चिरते. हार्डफेसिंगचे, म्हणजे वर कडक थर चढवायचे, रॉड वेगळे असतात. ते पट्टी पोचत नाही तिथे, म्हणजे कोपऱ्यांवर आणि खालच्या बाजूला, मध्ये थोडी जागा सोडून ओळींत मारावेत. त्या जागेत माती घट्ट बसते आणि पुढची माती त्या मातीवरच घासली जाते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, आणि अर्थिंगचा चिमटा बकेटलाच लावा. तो ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावला तर करंट पिन-बुशातून जातो, आणि ती दुरुस्ती वेल्डिंगपेक्षा महाग पडते.

फॅब्रिकेटरला एकच विचारा: प्लेट कोणत्या ग्रेडची? ब्रिनेल या कडकपणाच्या मापात साधं लोखंड १२० ते १५० चं असतं, झीजरोधक प्लेट ४०० च्या आसपास किंवा पुढची. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पट्टी दोन्ही कडांनी वापरता येईल अशी करा. एक कड संपली की उलटून लावायची, मूळ पत्रा जमिनीला लागायच्या आत. सुरुवातीच्या काही तासांनी बोल्ट पुन्हा आवळा.

दोन्ही कडा मिळून ५०० तासच चालल्या असं कमीत कमी धरलं, तरी तासाला २८ रुपये पडतात. म्हणून माझा आग्रह असा की भाड्यातले तासाला ८० रुपये वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला ४०,००० होतील. पट्टी, बुश, ग्रीस यांत वर्षाला साधारण २०,००० गेले तरी तीन वर्षांत ६०,००० उरतात. नवी बकेट तेव्हा रोखीत येईल, आणि रोखीला भाव पाडून मागता येतो.

तपासणीत नवी बकेट लागणारच असं निघालं, तर ठेव मोडू नका, तिच्यावर तारण कर्ज काढा. ११ टक्के घटत्या शिलकीने दोन वर्षांचं व्याज सात हजारांच्या आत बसतं, विक्रेत्याच्या निम्म्यावर. उसाचं बिल आलं की एकदम भरताही येतं. जाता जाता ठेवीबद्दलही सांगतो: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मुदत संपली की निम्मी रक्कम तरी बँकेत हलवा.

ड्रायव्हरला खेपेवर पैसे देत असाल तर तो घाई करणारच. तोंड खाली दाबून खरवडलं की कड फार लवकर जाते, पुढच्या चाकांवरचा भार उचलला जातो तो वेगळाच. बकेट सपाट ठेवून भरायला सांगा आणि मजुरी तासावर करा. रोज काम सुरू करताना पिनांना ग्रीस, आणि प्रेसमड किंवा शेणखत भरलेली बकेट रात्रभर तशी ठेवायची नाही.

शेवटचं, विम्याचं. झीज कुठल्याही वाहन विम्यात बसत नाही. पण तुमची पॉलिसी शेतीवापराची असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने चालत असेल, तर अपघाताचा दावा अडू शकतो. लोडर पॉलिसीत दाखवला आहे का, भाड्याचं काम त्यात बसतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. भाड्याची कमाई शेतीचं उत्पन्न धरली जात नाही, ती व्यवसायाची. तेव्हा उद्यमनगरचं बिल पक्कं घ्या आणि कर सल्लागाराकडे द्यायच्या फाइलला लावा.