हत्यार कुठे काढून ठेवायचं, हे घरातून निघतानाच ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकताच परवाना मिळाला, .३२ चं पिस्तूल घेतलं. घणसोलीहून रोज तुर्भ्याला मार्केटमध्ये गाळ्यावर जाता, रोकड भरायला बँकेत जावं लागतं, बेलापूर कोर्टात चेकच्या केसच्या तारखा असतात, संध्याकाळी मुलीला शाळेतून आणायचं असतं आणि रविवारी घरच्यांबरोबर मॉल. जिथे हत्यार नेता येत नाही तिथे पोचल्यावर गाडीतच होल्स्टरमधून (कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. मीही बाजारातलाच माणूस आहे. २००३ पासून कमरेला रिव्हॉल्व्हर आहे, आणि तुम्ही जे विचारताय ते मी करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०११ ची गोष्ट. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बायको-मुलांना घेऊन गेलो होतो. गेटवर मेटल डिटेक्टर आहे हे पोर्चमध्ये गाडी लागल्यावर लक्षात आलं. मागे हॉर्न वाजत होते, गार्ड काचेवर टकटक करत होता. मी सीटबेल्ट लावलेलाच, वाकून शर्ट वर केला, रिव्हॉल्व्हर ओढून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सीटखाली सरकवलं. मग उतरलो आणि चावी व्हॅलेच्या, म्हणजे गाडी पार्क करून देणाऱ्या, पोराच्या हातात दिली. सरकत्या जिन्याच्या मध्यावर आलो तेव्हा सवयीने हात कमरेला गेला. रिकामं होल्स्टर. उलटा पळत खाली आलो, बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर गाडी सापडली. पोरगा नुकताच दार लावत होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. मी आत बसलो, रिव्हॉल्व्हर उघडलं, गोळ्या मोजल्या. सहा. परत मोजल्या. बायको वरून फोन करत होती आणि मला उचलवत नव्हता.

त्या दिवशी गेलं काहीच नाही. पण दहा मिनिटं माझं भरलेलं हत्यार एका विशीतल्या पोराच्या ताब्यात होतं, आणि ते मी दिलं होतं.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: हत्यार आणि परवानाधारक यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. हत्यार एक तर अंगावर, नाही तर घरच्या लॉकरमध्ये. मधली जागा, म्हणजे डॅशबोर्ड, डिकी, सीटखाली, ड्रायव्हरजवळ, गार्डच्या टेबलाच्या खणात, ही जागाच धरायची नाही.

ड्रायव्हरचं खास सांगतो, कारण आपल्याकडे सर्रास चालतं. "तू गाडीतच थांब, सामान सांभाळ." शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय हत्यार जवळ बाळगणं हाच गुन्हा. त्याच कलमात सवलत आहे, पण ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, तेही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी हत्यार नेण्यापुरती. तुम्ही पिक्चर बघताय आणि ड्रायव्हर पार्किंगमध्ये सांभाळतोय, हे त्यात बसत नाही. गार्डचंही तेच. त्याने चांगुलपणाने "द्या, मी ठेवतो" म्हटलं तरी देऊ नका. पोलिसांनी पकडलं तर आधी अडकणार तो गरीब माणूस, मग तुम्ही.

आता कुठे नेता येत नाही ते. परवान्याचं पुस्तक घेतलंत ना, त्याच्या अटी नीट वाचा, बहुतेक जण वाचत नाहीत. खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, इतर सार्वजनिक जमाव आणि शैक्षणिक संस्थेचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला नाही, मासुंदा तलावावर विसर्जनाच्या गर्दीत नाही, आणि मुलीच्या शाळेच्या फाटकाच्या आत तर अजिबात नाही, मग दोन मिनिटांसाठी का असेना. अटभंगाला कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण कलम १७ खाली परवानाच निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. निवडणुकीत मतदान केंद्राच्या आसपास हत्यार घेऊन फिरणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात वेगळा गुन्हा आहे. आचारसंहितेत जमा करायची नोटीस आली तर मुकाट जमा करा आणि पावती जपून ठेवा. मॉल, हॉस्पिटल, थिएटर ही खाजगी जागा, त्यांनी नको म्हटलं की नको. तिथे परवाना दाखवून वाद घालणारे पाहिलेत मी. चार माणसं घाबरतात, हाती काही लागत नाही.

तुमच्या एकेका ठिकाणाचं बोलू. कोर्टाच्या तारखेला हत्यार घरी. रविवारी मॉलला जाताना घरी. कुटुंबाबरोबर फिरायला जाताना रोकड नसते, मग कमरेला ओझं कशाला? शाळेचं सोपं आहे, संध्याकाळी आधी घरी जा, लॉकरमध्ये ठेवा, मग मुलीला आणायला जा. उशीर होतो म्हणाल. शाळेत सांगून ठेवा की पंधरा मिनिटं उशीर होईल.

बँक मात्र अवघड, कारण रोकडीसाठीच तर परवाना घेतलाय. मी माझ्या शाखेच्या मॅनेजरना समक्ष भेटून विचारलं. ते म्हणाले, आत आणू नका. तेव्हापासून भाचा बरोबर असतो. तो पिशवी घेऊन आत जातो, मी हत्यारासह दाराबाहेर थांबतो, तो बाहेर आला की दोघं निघतो. रस्त्यावरचं संरक्षणही राहिलं आणि हत्यार अंगावरून हललंही नाही. तुम्हीही गाळ्यावरचा विश्वासू माणूस शोधा.

एवढं करूनही कधीतरी वाटेत काढायची वेळ येते. तेव्हा पिस्तूल होल्स्टरमधून उपसायचं नाही, होल्स्टरसकट काढायचं. चाप झाकलेला राहतो, बोट तिथे जाऊच शकत नाही. गाडीत बसून पिस्तूल उपसलं की नळी आधी स्वतःच्या मांडीकडे वळते, मग शेजारच्या सीटकडे. आणि परत खोचताना त्याहून धोका, कारण शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाच्या कडीत शिरते आणि तुम्ही वरून दाबत राहता. होल्स्टरसकट काढलेलं पिस्तूल चेन असलेल्या बॅगेत घाला आणि बॅग खांद्यावर. शस्त्र नियम, २०१६ मध्येही हेच आहे की सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या काबूत हवं. पट्ट्यात ओवायचं होल्स्टर असं पटकन निघत नाही, अख्खा बेल्ट सोडावा लागतो. क्लिपचं किंवा पॅडलचं (पँटच्या आत खोचायच्या चपट्या पट्टीचं) घ्या, चाप पूर्ण झाकणारं.

रिकामं करणं फक्त घरी. पिस्तुलाचा क्रम पाठ करा: आधी मॅगझीन (मुठीतला गोळ्यांचा खण) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. घाईत आधी स्लाइड ओढली तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझीनमधली पुढची आत जाऊन बसते. बाहेर पडलेली गोळी दिसते म्हणून रिकामं झालं असं वाटतं, आणि पिस्तूल भरलेलंच असतं. माझं रिव्हॉल्व्हर खटका दाबून मधून मोडतं, सहाही घरं समोर दिसतात, तरी मी बोटाने एकेक मोजतो. आपल्या फ्लॅटला वर, खाली, दोन्ही बाजूंना माणसं राहतात, तेव्हा नळी कुठे धरायची हा प्रश्न खरा आहे. मी लॉकरशेजारी वाळूने भरलेली लोखंडी बादली ठेवलीय. रिकामं करताना नळी त्या वाळूकडे. घरचे त्या वेळी खोलीत नसतात, टीव्ही बंद, फोन उचलायचा नाही. मग हत्यार एका कप्प्यात, गोळ्या दुसऱ्यात. चावी माझ्याकडेच, बायकोकडेसुद्धा नाही. तिला राग आला होता तेव्हा, पण परवाना तिच्या नावावर नाही.

अजून एक, हे कुणी लाजेखातर सांगत नाही. हायवेवरच्या हॉटेलचं बाथरूम. पँट खाली घेताना होल्स्टर लोंबकळतं, म्हणून लोक पिस्तूल काढून फ्लशच्या टाकीवर ठेवतात आणि विसरून निघतात. होल्स्टरसकट काढून उतरवलेल्या पँटच्या घडीत, दोन पायांच्या मध्ये ठेवा. पँट वर घेतल्याशिवाय उठता येत नाही, त्यामुळे विसरणं शक्यच नाही. आणि कुठेही, कसंही हरवलं तर शोधत बसू नका, लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

तुमचं होल्स्टर क्लिपचं आहे की पट्ट्यात ओवायचं, आणि चापाची कडी पूर्ण झाकतं का, ते लिहा. झाकत नसेल तर बदलून होईपर्यंत चेंबर रिकामं ठेवूनच बाळगा.