फावल्या वेळातले उद्योग : वाचकांचे प्रश्न

वर्षभरात नोकरी-शेती सांभाळून हौसेनं काय उभं केलंत आणि काम कुठं अडलं, असं मागच्या अंकात विचारलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : द्राक्षबागेत ओलावा मोजायला ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड) आणि कॅपॅसिटिव्ह सेन्सर (मातीत खोचायची ओलावा मोजणारी पट्टी) बसवला. वायफाय चालू केलं की आकडा भलताच येतो. पाणी देऊन पाच-सहा दिवस झाले की सेन्सर 'कोरडं' म्हणतो, पण माती उकरली तर ओल असते. बॅटरीही आठ-दहा दिवसांत संपते.
– बागायतदार, तासगाव

उत्तर : ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. वायफायचं आधी, कारण ते पाच मिनिटांत सुटतं. या बोर्डावर अ‍ॅनालॉग पिनांचे, म्हणजे सेन्सरचं कमी-जास्त व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांचे, दोन गट आहेत. ०, २, ४, १२ ते १५ आणि २५ ते २७ हा दुसरा गट वायफाय स्वतःकडे घेतं, त्यामुळं त्या पिनांवर सेन्सर जोडला असेल तर वाचन बिघडतं. वायर ३२ ते ३९ मधल्या पिनेवर घ्या. एका वाचनावर विसंबू नका. ओळीनं वीस-तीस वाचनं घेऊन मधली किंमत धरा.

'कोरडं' दाखवण्यात सेन्सरचा फारसा दोष नाही, दोष बसवण्याचा आहे. काळी जमीन सुकताना आकसते, तिला भेगा पडतात आणि सेन्सरची पट्टी व माती यांच्यात हवेची फट राहते. सेन्सर मग ती हवा मोजतो. पहारीनं तिरकं भोक पाडा, त्याच जागची माती चाळून पाण्यात कालवा, तो राडा भोकात ओता आणि त्यात पट्टी बसवा. ड्रिपरपासून (ठिबकच्या तोटीपासून) वीतभर अंतर ठेवा. अगदी ड्रिपरखाली बसवला तर बाग सदा ओलीच दिसेल. द्राक्षाला एक सेन्सर २० सेंमी आणि दुसरा ४० ते ४५ सेंमी खोल असावा. वरचा सुकला आणि खालचा ओला असेल, तर पाण्याची घाई नाही.

पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यातून पाणी आत झिरपतं. कडांना आणि वरच्या चिपच्या भागाला इपॉक्सीचे दोन हात द्या. चिपवरची अक्षरंही भिंगातून बघा. तिथं टीएलसी५५५ हवं, ही कमी व्होल्टवर चालणारी चिप. स्वस्त नकलेत एनई५५५ असते, तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि पट्टीवर तर ३.३ व्होल्टच मिळतात. असा सेन्सर दुरुस्त करत बसू नका, बदला.

आता खरं काम. सेन्सरचा आकडा म्हणजे ओलाव्याची टक्केवारी नव्हे. ती तुमच्याच मातीवर ठरवावी लागते. पूर्ण भिजलेली, वाफशावरची आणि सुकत आलेली, असे मातीचे चार-पाच नमुने घ्या. प्रत्येकात सेन्सर खोचून आकडा लिहा, माती वजन करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. ओली माती १२४ ग्रॅम आणि वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओलावा २४ टक्के. या जोड्यांचा आलेख काढा. ड्रिपमधून खत सोडल्यावर क्षारांमुळं आकडा ओलीकडं सरकतो आणि दुपारच्या उन्हातही हलतो. म्हणून तुलना पहाटेच्या वाचनांचीच करा.

बॅटरीचं कारण बोर्ड. चिप झोपेत दहा-वीस मायक्रोअँपिअर घेते, पण बोर्डवरचा दिवा, यूएसबी चिप आणि रेग्युलेटर मिळून कित्येक मिलिअँपिअर खातात. १० मिलिअँपिअर धरले तर २५०० एमएएचचा सेल २५० तास, म्हणजे दहाच दिवस. तुमचा हिशेब इथंच जुळतो. दिवा काढा, झोपेत कमी वीज घेणारा बोर्ड वापरा आणि सेन्सरला वीज फक्त वाचनापुरती एका पिनेवरून द्या.

प्रश्न : मिस कॉलवर शेतातली मोटर चालू-बंद करणारी पेटी बनवली. दोन महिन्यांत निळा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) चिकटला, मोटर बंदच होईना. कॉल आला की सिमचं मॉड्यूल रीसेटही होतं.
– ऊस उत्पादक, वाळवा

उत्तर : पेटी आजच काढून ठेवा आणि पुढचं वाचा. थ्री-फेज पंपाच्या बहुतेक डीओएल स्टार्टरची (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या पेटीची) कॉइल दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. निळ्या रिलेवर लिहिलेली मर्यादा २५० व्होल्टची आहे. प्रत्येक वेळी संपर्क सुटताना ठिणगी ओढली जाते आणि शेवटी तो जोडला जाऊन बसतो. १० अँपिअर लिहिलंय म्हणून चालेल, हा समज फार जणांचा असतो. इथं प्रश्न अँपिअरचा नाही, व्होल्टचा आहे.

मध्ये ४१५ ते २४ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवा. निळ्या रिलेनं फक्त २४ व्होल्टच्या कॉइलचे दोन छोटे कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्ट पेलणारे रिले) चालवावेत, ज्यांचे संपर्क ४१५ व्होल्टला मान्य आहेत. त्या कॉइलींवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी) लावा. पहिल्या कॉन्टॅक्टरचा नेहमी उघडा संपर्क हिरव्या बटणाला समांतर, एक-दोन सेकंदांपुरता. दुसऱ्याचा नेहमी बंद संपर्क लाल बटणाच्या ओळीत. यामुळं पेटी मेली तरी हातानं मोटर चालू-बंद करता येते. ओव्हरलोड रिले (जादा भार आला की मोटर तोडणारा) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर तोडणारा) यांचे संपर्क कॉइलच्या ओळीतच राहिले पाहिजेत. पेटी जोडताना ते ओलांडले गेले तर एक फेज जाताच मोटर जळते. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, डीपीवरून लाइन बंद करून.

विहिरीवर माणूस उतरला असताना घरून कुणी कॉल लावला तर काय होईल, याचा विचार या पेट्या बनवताना क्वचितच केला जातो. स्टार्टरजवळ 'फक्त हातानं' असा कुलपाचा स्विच ठेवा आणि मोटर सुरू होण्याआधी दहा सेकंद भोंगा वाजू द्या. या दोन गोष्टींशिवाय पेटी वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रीसेटचं कारण साधं आहे. सिम८००एल मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालतं आणि सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं. वायर जाड आणि आखूड ठेवा, मॉड्यूलच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं, त्यामुळं जिओचं सिम त्यात चालणार नाही.

प्रश्न : घरी पर्जन्यमापक केला. डोलणाऱ्या वाटीची गणती होते, पण आकडा सरकारी मापकाशी जुळत नाही.
– शिक्षक, पाटण

उत्तर : आधी वेळ जुळते का पाहा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. तुम्ही मध्यरात्र धरत असाल तर रोजचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

नंतर माप. १६ सेंमी व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड २०१ चौसेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस २०.१ मिली पाणी. वाटी ५ मिलीला पलटत असेल तर एक पलटी ०.२५ मिमी. ५०० मिली पाणी सलाइनच्या नळीनं थेंब-थेंब तासाभरात सोडा. १०० पलट्या यायला हव्यात. कमी आल्या तर वाटीखालचे स्क्रू थोडे वर घ्या. जास्त आल्या तर रीड स्विच (पलटी मोजणारा, चुंबकानं चालणारा स्विच) एका पलटीला दोनदा वाजतो आहे. प्रोग्रॅममध्ये एका नोंदीनंतर १०० मिलिसेकंद दुसरी घेऊ नका. कोयना खोऱ्यातल्या सरींत वाटी पलटतानाही पाणी पडत राहतं आणि मोजणी कमी भरते, म्हणून हीच चाचणी वेगानं पाणी सोडूनही करा आणि फरक लिहून ठेवा. मापक भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवा.

प्रश्न : घरातल्या मोडी कागदांचे मोबाइलवर फोटो काढतो आहे. कागद लॅमिनेट करावेत का? एकावर 'इहिदे सितैन मया व अलफ' लिहिलंय, ते कुठलं साल?
– सातारा

उत्तर : लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. दोन्ही पुन्हा काढता येत नाहीत आणि टेपचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पडतो. घड्या सरळ करायला कागद ओला करू नका. काजळीची शाई पाण्यानं फिसकटते. दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या. फोटो घेताना फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, मोबाइल कागदाला समांतर आणि चौकटीत एक मोजपट्टी. कोरी असली तरी मागची बाजूही घ्या. फाइलला नाव रुमाल (कागदांचं गाठोडं), कागद आणि बाजू या क्रमानं द्या : ०२-०१७-मागे. कागद कोऱ्या, न रंगवलेल्या मांजरपाटात बांधा.

सालाचं असं : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६१. हा शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना) मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीस बदलतो. जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणजे तुमचा कागद १७६०-६१ मधला, पानिपतच्या वर्षातला. महिना आणि चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) कागदावर असतील, ते नीट वाचून मगच इसवी तारीख लिहा. मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, तेव्हा फोटोसोबत मोडीतलं मूळ आणि देवनागरी लिप्यंतर अशा दोन्ही प्रती टंकून ठेवता येतील.