वाचकांचे प्रश्न : माझे उच्चार कोरेगावचे, टॉवरमध्ये चालतील का?

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातली. साताऱ्यात बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे विमानतळाच्या टॉवरमधून वैमानिकांना रेडिओवर सूचना देणारी, व्हायचं ठरवलंय. शाळा मराठी माध्यमाची. लेखी परीक्षेची भीती नाही, पण इंग्रजी बोलण्याची चाचणी असते म्हणतात. एक क्लास सांगतो, ‘ॲक्सेंट’ बदलल्याशिवाय निभाव लागणार नाही; फी ४० हजार. आई पाटल्या मोडायला निघाली आहे. मॅडम, काय करू?

उत्तर : आधी आईला सांग, पाटल्या हातातच राहू देत.

मी तीस वर्षं टॉवर आणि रडारवर काढली, शेवटी शेवटी याच चाचणीत परीक्षक होते. वडील एसटीत कंडक्टर, शाळा साताऱ्यातलीच. माझ्या इंग्रजीत आजही सातारा ऐकू येतो आणि त्यावरून माझं काम कधी अडलं नाही.

या चाचणीची मोजपट्टी आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेची, मार्च २००८ पासून लागू झालेली. पायऱ्या सहा, कामावर बसायला चौथी लागते. चौथीच्या वर्णनातच मान्य केलंय की उच्चारावर मातृभाषेची छाप असणार. तिच्यामुळे समजायला अडचण मात्र कधीमधीच यावी. आणि गंमत बघ, रेडिओवर ‘थ्री’ला ‘ट्री’ म्हणायचं, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’, ‘नाइन’ला ‘नाइनर’, असा नियमच आहे. ज्या ‘थ’साठी क्लास पैसे मागतो, तो रेडिओवर मुद्दाम काढून टाकलाय, कारण खरखरीत तो हरवतो.

उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद असे सहा भाग तपासतात. यांची सरासरी काढत नाहीत. जो भाग सगळ्यांत कच्चा, तीच तुझी पायरी. म्हणून पाच भागांत पाचवी आणि एकात तिसरी मिळाली, तर निकाल तिसरी. चौथी मिळाली तरी साधारण तीन वर्षांनी पुन्हा बसावं लागतं.

आपल्याकडची मुलं अडकतात ती संवादात. कळलं नाही तर विचारत नाहीत, ‘येस सर’ म्हणून पुढे जातात. शाळेत आपल्याला तसंच वळण लागलेलं असतं. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका वैमानिकाने रात्री कळवलं, ‘पॅसेंजर इन लेबर’. लेबर म्हणजे मजूर एवढंच मला ठाऊक. पुस्तकातल्या ठरलेल्या वाक्यांत हे कुठेच नव्हतं. दोन क्षण गेले, मग मी म्हटलं, ‘से अगेन’, आणि साध्या शब्दांत विचारलं, काय मदत हवी? बाई बाळंत होत होती. डॉक्टर आणि रुग्णवाहिका विमानाआधी उभी राहिली. मी समजल्यासारखं केलं असतं तर?

असं एकदा फार महागात पडलंय. फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरजवळ एक मालवाहू जंबो उतरत होतं. नियंत्रकाने ‘टू फोर झीरो झीरो’ म्हटलं, म्हणजे २४०० फूट. वैमानिकाला ते ‘टू’ ‘पर्यंत’ या अर्थाचं वाटलं, म्हणजे ४०० फूट. त्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं (याला रीडबॅक म्हणतात), ‘ओके, फोर झीरो झीरो’, आणि नियंत्रकाने ते दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. हा रीडबॅक कान देऊन ऐकणं, हेच आपलं काम.

तयारी घरी होते. मैत्रिणीशी पाठीला पाठ लावून बस. तिच्या हातात एखादा फोटो, साताऱ्याच्या एसटी स्टँडचाही चालेल. तिने इंग्रजीत सांगायचं, तू कागदावर काढायचं. हातवारे दिसत नाहीत, म्हणून प्रश्न विचारावेच लागतात. मग तेच फोनवर करा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वेगळे येतात का, ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये फरक राहतो का, एवढंच तपास. रोज एक बिघाडही आपल्या शब्दांत सांगत जा: चाक फुटलं, काच तडकली, प्रवाशाच्या छातीत दुखतंय. तीन मिनिटं, मध्ये मराठी न आणता. शब्द सापडला नाही तर थांबू नकोस, वळसा घालून सांग. चाचणीत त्या वळशालाही गुण असतात.