सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, शेवटी सिअ‍ॅटलने आपला धावपटू लिंच याच्याकडे चेंडू न देता पास फेकला, हा इतिहासातला सर्वांत वाईट निर्णय होता का?

नाही. पास फेकायचं ठरवलं यात मला चूक दिसत नाही. माझा आक्षेप आहे तो निवडलेल्या पासवर.

प्रसंग १ फेब्रुवारी २०१५ चा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. एंड झोन (जिथे चेंडू नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण) एका यार्डावर, सेकंड डाऊन (चारपैकी दुसरा प्रयत्न), म्हणजे सिअ‍ॅटलकडे तीन प्रयत्न. उरलेत २६ सेकंद आणि एकच टाइमआऊट (घड्याळ थांबवण्याची मुभा). आधीच्याच खेळीत मार्शॉन लिंच चार यार्ड घुसला होता, त्यामुळे ‘त्यालाच द्या’ असं सगळ्यांना वाटणारच.

पण घड्याळाचा हिशेब मांडून बघा. धावणाऱ्याला मैदानात पाडलं की घड्याळ चालूच राहतं, पास झेलला गेला नाही तर थांबतं. लिंच अडला असता तर तो टाइमआऊट तिथेच गेला असता. थर्ड डाऊनलाही तो अडला असता, तर ढिगाऱ्यातून उठून पुन्हा रांग लावेपर्यंत सामनाच संपायचा. तिन्ही प्रयत्न मिळवायचे तर त्यांत एक पास हवाच होता. शिवाय त्या मोसमात एका यार्डावरून लिंचने पाचदा प्रयत्न केले होते आणि टचडाऊन एकच झाला होता. त्याच अंतरावरून फेकलेला एकही पास त्या मोसमात तोवर लीगमध्ये इंटरसेप्ट झाला नव्हता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हिसकावला नव्हता. सिअ‍ॅटलचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोलना वेड्यात काढणारे हे आकडे बघतच नाहीत.

मग बिघडलं कुठे? सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) रसेल विल्सनने चेंडू सरळ मधल्या गर्दीत, रिकार्डो लॉकेटकडे फेकला. जर्मेन कर्सने बचावपटूंची वाट अडवायची होती, पण पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरने त्याला जागचं हलू दिलं नाही. पेट्रियट्सच्याच मॅल्कम बटलर या नवख्या खेळाडूला, ज्याला ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी घेतलंही नव्हतं, सरावात याच खेळीने चकवलं होतं. या वेळी त्याने ती ओळखली आणि लॉकेटच्या आधी चेंडूवर झडप घातली; सामना पेट्रियट्सने जिंकला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, ते या वादात फार कमी मिळतं.

या पासमध्ये विल्सनला विचार बदलायला वेळच नव्हता. लिंचला चेंडू दिल्याची हूल देऊन विल्सनला कडेला पळवायचं, हे मी निवडलं असतं. कुणी मोकळा दिसला तर फेक, वाट दिसली तर स्वतः घुस, नाहीतर चेंडू मैदानाबाहेर टाक. घड्याळ थांबलं असतं, टाइमआऊट शाबूत राहिला असता आणि पुढचे दोन्ही प्रयत्न लिंचला देता आले असते.